जुनी गाणी, नवी तबकडी आणि तिचा भाव

माळ्यावरची जुनी पेटी उघडते, त्यात आजोबांच्या रेकॉर्डी सापडतात, घरातला एखादा मुलगा किंवा सून हौसेने टर्नटेबल घेते आणि मग नव्या रेकॉर्डींची चौकशी सुरू होते. जळगाव-धुळ्यात अशी घरे आता पुन्हा दिसू लागली आहेत. चौकशी करणारा पहिल्याच उत्तराला थबकतो. जी गाणी मोबाइलवर जवळजवळ फुकट ऐकू येतात, त्यांच्या नव्याने छापलेल्या एका एलपीला दोन-तीन हजार रुपये पडतात. पैसे द्यायची तयारी केली, तर कळते की माल संपला. मग तो तीन प्रश्न विचारतो. एवढी महाग का? मागणी आहे तर जास्त का छापत नाहीत? आणि तिसरा, जरा चिडून: हे लोक मुद्दाम कमी छापतात का?

या प्रकरणात तिन्ही प्रश्न घेऊ. पण त्याआधी जुन्या रेकॉर्डी गेल्या कुठे, ते पाहायला हवे.

१. खान्देशातल्या रेकॉर्डी गेल्या कुठे?

भारतातले पहिले मोठे ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झाले. गौहर जान यांचा आवाज तेव्हा टिपला गेला आणि तबकड्या छापून आल्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. पुढे ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यातच कारखाना काढला आणि १९२८ पासून तो डमडमला गेला. याच कंपनीच्या एचएमव्ही छापाचा कुत्रा असलेली जी रेकॉर्ड आपल्या घरात असते, ती बहुतेक डमडमचीच.

सुरुवातीची रेकॉर्ड लाखेची. लाखेच्या किड्यापासून मिळणारा राळेसारखा पदार्थ आणि दगडाची बारीक पूड यांचे ते मिश्रण. मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला सुमारे तीन मिनिटांचे गाणे, आणि हातातून पडली की तुकडे. अमेरिकेत १९४८ साली प्लॅस्टिकची, म्हणजे पीव्हीसीची एलपी आली. तिच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटे सहज मावत. आपल्याकडे मात्र लाखेची रेकॉर्ड बराच काळ टिकली, कारण खेड्यात वीज नव्हती आणि चावीचा ग्रामोफोन चालायला वीज लागत नव्हती. म्हणूनच बीटल्सची गाणी १९६० च्या दशकात भारतात ७८ च्या तबकड्यांवर निघाली. इंग्लंड-अमेरिकेत तोवर ७८ बंद झाल्या होत्या. त्या भारतीय तबकड्यांसाठी आज जगभरचे संग्राहक मोठ्या रकमा मोजतात. कारखान्याला काही दुर्मिळ करायचे नव्हते, तो फक्त आपल्या गिऱ्हाइकाच्या घरातला ग्रामोफोन ओळखून माल काढत होता.

खान्देशात रेकॉर्डी दोन ठिकाणी असत. एक, वकील, डॉक्टर, व्यापारी, शिक्षक यांच्या घरी. दोन, लाउडस्पीकरवाल्याकडे. लग्न, वरात, यात्रा, गणपती, सिनेमाचा तंबू, सगळीकडे त्याचा कर्णा. त्याच्या रेकॉर्डी अक्षरशः झिजेपर्यंत वाजल्या. जड पिकअप आणि न बदललेली सुई खोबणीच्या भिंती खरवडत जाते. अशी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की काळीभोर चकाकी दिसत नाही, राखाडी झाक दिसते. मधल्या भोकाभोवती लेबलवर केसासारखे बारीक ओरखडे दिसले, तर ती शेकडो वेळा घाईने यंत्रावर बसवलेली असते. भंगारात शंभर रुपयांना मिळणाऱ्या रेकॉर्डी पुष्कळदा या जातीच्या असतात.

घरातल्या रेकॉर्डींचा शत्रू वेगळा होता: ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. त्या दिवसांत पत्र्याच्या खोलीत किंवा कौलांखालच्या माळ्यावर त्याहून कितीतरी जास्त उष्मा साठतो. एलपीचे प्लॅस्टिक साठेक अंशांच्या सुमारास मऊ पडू लागते. वर दहा-वीस रेकॉर्डींचा भार असेल तर खालची त्याहून कमी उष्णतेतही वाकते. एकदा वाकलेली तबकडी पुन्हा पहिल्यासारखी सपाट होणे कठीण. १९८० च्या दशकात कॅसेट आली, रेकॉर्डी माळ्यावर गेल्या, आणि पुढचे तीस-पस्तीस उन्हाळे त्यांनी तिथे काढले. खान्देशात सरळ, न घासलेली एलपी मिळणे अवघड का, याचे अर्धे उत्तर इथल्या हवेतच आहे.

२. तबकडी बनते कशी?

किंमत कळायची तर कृती कळायला हवी. एका सपाट अॅल्युमिनियमच्या थाळीवर लाखेसारख्या मऊ रोगणाचा थर असतो. गाणे वाजते आणि त्या आवाजाबरोबर थरथरणारी एक अणकुचीदार सुई या थरात गोल-गोल खोबण कोरत जाते. हे मूळ कोरीवकाम. त्यावर चांदीचा पातळ थर देतात आणि विजेच्या साह्याने निकेल चढवतात. निकेल सोलून काढले की खोबणीचा उलटा ठसा मिळतो. त्यावरून सुलटा ठसा, त्यावरून पुन्हा उलटे ठसे. हे शेवटचे ठसे म्हणजे छापायचे साचे.

आता छपाई. पीव्हीसीचा गरम गोळा, वर-खाली दोन कागदी लेबले, वर-खाली दोन साचे, आणि शंभरेक टनांचा दाब. वाफेने तापवायचे, पाण्याने थंड करायचे, कडा कापायच्या. एका रेकॉर्डला अर्धा-पाऊण मिनिट पुरते. लेबल चिकटवलेले नसते, ते तबकडीबरोबरच दाबले जाते. एक साचा साधारण हजारभर प्रती देतो, मग त्याची धार जाते आणि नवा साचा लागतो.

लेबलजवळच्या गुळगुळीत पट्टीवर बारीक अक्षरे-आकडे कोरलेले असतात. कोणत्या साच्यातून ती रेकॉर्ड आली, ते तिथून कळते. लेबलवरचा क्रमांक वेगळा. एचएमव्हीच्या एलपीवर 'ईसीएलपी' आणि लहान ईपीवर '७ईपीई' अशी सुरुवात पुष्कळदा दिसते. जुनी आणि नवी छपाई ओळखताना संग्राहक आधी कव्हर पाहत नाही, ही पट्टी पाहतो.

३. एका प्रतीचा हिशेब

खान्देशातल्या वाचकाला खापरावरचे मांडे सांगायला नकोत. उलटे खापर चुलीवर चढवायचे, पुरण शिजवायचे, कणीक तिंबायची, आणि मांडा हातावर फिरवणारी जाणती बाई बोलवायची. ही तयारी पाच मांड्यांना लागते तेवढीच पन्नासांना. एकदा खापर तापले की पुढचा प्रत्येक मांडा स्वस्त पडतो. रेकॉर्डचे तसेच आहे. कोरीवकाम, निकेलचे ठसे, चाचणीच्या प्रती, कव्हरची मांडणी हा खर्च आधीच होऊन जातो, मग प्रती कितीही निघोत.

समजण्यासाठी आकडे धरू. हे कुठल्या कंपनीचे नाहीत, नुसत्या हिशेबासाठी आहेत. आधीचा सगळा खर्च तीन लाख रुपये. त्यानंतर प्रत्येक प्रतीचे प्लॅस्टिक, दाब, लेबल आणि कव्हर मिळून चारशे रुपये.

३०० प्रती छापल्या तर तीन लाखांतला प्रत्येकी वाटा १,००० रुपये. त्यात ४०० मिळवले की प्रत १,४०० ला पडली. १,००० प्रती छापल्या तर वाटा ३०० आणि प्रत ७०० ला. ३,००० छापल्या तर वाटा १०० वर येतो, प्रत ५०० ला. साचे बदलण्याचा थोडा खर्च वाढेल, तो सोडून देऊ. गाणी तीच, प्लॅस्टिक तेच, आणि खर्चात जवळजवळ तिपटीचा फरक.

यावर हक्काचे पैसे, कंपनीचा नफा, दुकानदाराची कसर, वाहतूक आणि कर. परदेशात छापून आणली तर जहाजाचे भाडे आणि आयात शुल्कही. मुंबई-पुण्याहून कुरिअरने जळगावला मागवायची तर पुठ्ठ्याच्या जाड खोक्याचा खर्च वेगळा. १,४०० ची प्रत गिऱ्हाइकाच्या हातात अडीच-तीन हजारांना पडते ती अशी.

४. मग जास्त का छापत नाहीत?

हाच हिशेब पुढे नेऊ. कंपनीने १,००० प्रती छापल्या, खर्च सात लाख. दुकानदाराची कसर वजा जाता तिला प्रतीमागे १,४०० रुपये मिळतात असे धरा. विकल्या फक्त ४००. हाती आले ५ लाख ६० हजार, म्हणजे १ लाख ४० हजारांचा तोटा आणि सहाशे प्रती गोदामात. तिने ३०० च छापल्या असत्या, तर खर्च ४ लाख २० हजार. भाव थोडा चढा ठेवून प्रतीमागे १,६०० मिळवले आणि सगळ्या खपल्या, तर हाती ४ लाख ८० हजार. नफा साठ हजार, गोदाम रिकामे. धंदेवाईक माणूस कुठला रस्ता धरेल, ते उघड आहे. आपल्याला दिसते ती टंचाई पुष्कळदा त्याच्या भीतीतून आलेली असते.

दुसरे कारण जगाच्या बाजारातले. डमडमची छपाई बंद झाल्यावर भारतात कित्येक वर्षे एकही छापखाना नव्हता. जुन्या हिंदी गाण्यांच्या नव्या एलपी युरोपातून छापून येत. तिकडचे छापखानेही मोजके उरलेले, आणि मागणी वाढत गेलेली. अमेरिकेत २०२२ साली विकलेल्या एलपींची संख्या सीडींच्या पुढे गेली, १९८७ नंतर प्रथमच. छापखान्यांपुढे रांग लागली, आणि रांगेत मोठ्या कलाकाराची लाखोंची मागणी पुढे असली की तीनशे प्रतींवाला महिनोन् महिने मागे राहतो. त्यात ६ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग गावी अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. मघाशी सांगितलेल्या रोगणाच्या थाळ्या जगात मुख्यतः दोनच ठिकाणी बनत, त्यांतला हा एक. त्यानंतर जवळजवळ सगळा भार जपानमधल्या एका कारखान्यावर आला. एका गावातली आग आणि जगभर रेकॉर्डींना उशीर, इतकी ही साखळी नाजूक आहे. २०२४ साली मुंबईत पुन्हा छपाई सुरू झाली, ही त्यामुळेच मोठी बातमी. छापखाना जवळ आला की जहाजाचे भाडे आणि शुल्क वाचते, आणि शंभर प्रती कमी पडल्या तर पुन्हा छापणेही सोपे होते.

५. मुद्दाम केलेली टंचाई

तरीही चिडलेल्या संग्राहकाचे म्हणणे अगदीच खोटे नाही. रंगीत प्लॅस्टिक, क्रमांक घातलेल्या प्रती, 'फक्त ५०० प्रती' असा शिक्का, वर्षातून एकाच दिवशी विक्री, ही विक्रीची तंत्रे आहेत. परदेशात २००८ पासून 'रेकॉर्ड स्टोअर डे' भरतो. छोटी दुकाने जगावीत हा त्याचा हेतू, आणि दुकानांना त्याचा आधार मिळालाही. पण त्या दिवशी रांगेत उभे राहून घेतलेली रेकॉर्ड संध्याकाळी दुप्पट भावाने विकणारेही तयार झाले.

अशा वेळी संग्राहक काय करतो? कोणी दोन प्रती घेतो, एक ऐकायला आणि एक सीलबंद ठेवायला. याने टंचाई आणखी वाढते, कारण तीनशेतल्या कित्येक प्रती कधी वाजतच नाहीत. कोणी घाईने चढ्या भावाने घेतो, आणि वर्षभराने दुसरी छपाई आली की त्याचे पैसे बुडतात. कोणी मूळ जुनी प्रत शोधत भंगाराची दुकाने पालथी घालतो. कोणी सगळेच सोडून मोबाइलवर जातो. माझ्या मते यात शहाणा तो, जो थांबतो. गाजलेल्या चित्रपटाची एलपी एकदा खपली, म्हणजे कंपनीला गिऱ्हाईक आहे हे कळले. साचे किंवा सुलटा ठसा तयार असतो, दुसऱ्या छपाईचा खर्च कमी येतो. ती येण्याची शक्यता चांगली असते. ज्याला गाणे ऐकायचे आहे त्याने पहिल्या छपाईच्या मोहात पडू नये.

जुन्या रेकॉर्डींबाबत उलटा सल्ला. चांगल्या अवस्थेतली जुनी तबकडी दिसली आणि भाव परवडला, तर घ्या. ती पुन्हा छापली जाईलच असे नाही, आणि घरात कोणी जपली नाही तर पुढचा उन्हाळा तिला सोडणार नाही.

६. आवाज कुठून आणला?

नव्या छपाईबद्दल विचारायचा एक प्रश्न लोक विसरतात: ही कशावरून कोरली? मूळ टेप असेल तर आवाज भरीव येण्याची शक्यता जास्त. टेप हरवली किंवा खराब झाली असेल तर जुन्या रेकॉर्डवरून घेतात. पुष्कळदा सीडीसाठी केलेली डिजिटल प्रतच वापरतात. डिजिटल म्हणजे वाईट, असे मुळीच नाही. चांगल्या कारागिराने केलेले डिजिटल काम घासलेल्या टेपपेक्षा सरस उतरते. तक्रार लपवण्याची आहे. अमेरिकेतली मोबाइल फिडेलिटी ही कंपनी महागड्या पुनर्छपाईसाठी नावाजलेली. तिच्या एलपी थेट मूळ टेपवरून कोरल्या जातात, असे गिऱ्हाइकांना वाटत होते. मध्ये डिजिटल पायरी असते, हे २०२२ साली उघड झाले आणि प्रकरण कोर्टात गेले. तोवर त्याच रेकॉर्डींच्या आवाजाची वाखाणणी चालली होती. कव्हरवर उगम स्पष्ट छापला असता तर भांडण झाले नसते. आपल्याकडच्या कंपन्यांनीही तो छापावा, ही मागणी तीन हजार मोजणाऱ्याने करायलाच हवी.

७. जे कोणी छापत नाही

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. पुनर्छपाई कशाची होते? जे आधीच खूप खपले त्याची. म्हणजे ज्या रेकॉर्डी घरोघरी होत्या, त्याच पुन्हा येतात. जी मुळात थोडी निघाली, थोड्या गावांत पोहोचली, ती तबकडी दुर्मिळ असूनही छापली जात नाही. नव्या एलपीच्या भावावर आपण भांडतो. पण ती कधी निघणारच नाही अशा गाण्यांबद्दल कोणी बोलत नाही.

खान्देशाकडे अशी ठेव आहे. बालगंधर्व लहानपणी काही काळ जळगावात राहिले आणि मेहबूब खान यांच्याकडे त्यांनी इथेच गाण्याचे धडे घेतले. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचे नाव आहे, आणि त्यांच्याच नावाचा संगीत महोत्सव शहरात भरतो. मास्टर दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी तापीकाठचे थाळनेर. कवयित्री बहिणाबाई असोद्याच्या, आणि त्यांच्या कविता १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात वसंत पवारांच्या चालींवर घरोघरी पोहोचल्या. यातले किती आज नव्या, चांगल्या तबकडीवर मिळते?

इथे कायदा कळला तर वाट दिसते. भारतात ध्वनिमुद्रणाचे हक्क, ते प्रसिद्ध झाले त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतात. 'मानिनी'च्या रेकॉर्डी १९६१ मध्ये निघाल्या असे धरले, तर त्या मुद्रणाची मुदत २०२१ अखेर संपली. पण एका रेकॉर्डवर तीन हक्क असतात: मुद्रणाचा, शब्दांचा आणि चालीचा. शब्द आणि चाल यांची मुदत सर्वसाधारणपणे कवी किंवा संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. तिन्ही संपल्याशिवाय गाणे मोकळे होत नाही.

बालगंधर्वांवर हा नियम लावून पाहू. त्यांच्या ७८ च्या रेकॉर्डींचे मुद्रण आता मुदतीबाहेर आहे. त्यांनी ज्यांत पदे गायली ती 'मानापमान' आणि 'स्वयंवर' ही नाटके कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची. ते १९४८ साली गेले, मुदत २००८ अखेर संपली. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, मृत्यू १९५५, मुदत २०१५ पर्यंत. 'स्वयंवर'च्या भास्करबुवा बखल्यांच्या, ते तर १९२२ सालीच गेले. या दोन नाटकांची पदे तिन्ही अंगांनी मोकळी आहेत. बालगंधर्वांनी गायलेल्या मास्तर कृष्णरावांच्या चालींसाठी मात्र थांबावे लागेल. ते १९७४ साली गेले, म्हणजे मुदत २०३४ अखेरपर्यंत.

हक्क मोकळे झाले तरी टेपचा प्रश्न उरतो, कारण त्या काळी टेपच नव्हती. उगम एकच, चांगल्या अवस्थेतली लाखेची रेकॉर्ड. आणि ती आहे खासगी संग्राहकांकडे. अशा लोकांना एकत्र आणण्यासाठी मुंबईत १९९० साली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू झाली. सुरेश चांदवणकरांनी सचिव म्हणून तिचे काम वर्षानुवर्षे केले, 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवले. सोलापूर-नांदेडसारख्या गावांतही तिची मंडळे झाली. रेकॉर्ड जमवणे म्हणजे कपाट भरणे नव्हे. कोणाकडे काय आहे याची नोंद ठेवणे आणि एकत्र बसून ऐकणे, ही शिस्त या मंडळींनी लावली. तशीच नोंद जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ इथे झाली पाहिजे.

तीन मिनिटांची सात पदे म्हणजे एकवीस मिनिटे, एलपीची एक बाजू. दोन बाजूंना चौदा पदे. उत्तम अवस्थेतल्या सात-आठ ७८ जमल्या, एका जाणत्या कारागिराने त्या स्वच्छ करून उतरवून घेतल्या, की 'मानापमान-स्वयंवर'ची एलपी छापता येते. वरच्या हिशेबात ३०० प्रतींना ४ लाख २० हजार लागले होते. ते पैसे छपाईआधी उभे करायचे तर मराठी प्रकाशकांनी मोठ्या ग्रंथांसाठी वापरलेली प्रकाशनपूर्व नोंदणीची पद्धत हाताशी आहे. तीनशे जणांनी आगाऊ १,४०० रुपये भरले की धोका संपला. मध्ये दुकानदार नाही आणि हक्काचे पैसे द्यायचे नाहीत, म्हणून कर आणि कुरिअर धरूनही ती प्रत बाजारातल्या एलपीपेक्षा स्वस्त पडेल. चारशे नावे आली तर आणखी उतरेल. जळगावच्या महोत्सवाला येणाऱ्या रसिकांतून एवढी नावे निघणे मला अवघड वाटत नाही.

त्याआधीचे काम प्रत्येकाला घरच्या घरी करता येते. माळ्यावरच्या रेकॉर्डी खाली आणा. त्या आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, आणि उन्हाने तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीपासून लांब ठेवा. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका, लाख त्यात विरघळते. मग वहीत प्रत्येकीचे नाव, गायक, लेबलवरचा क्रमांक आणि पट्टीवरचा कोरलेला क्रमांक उतरवून ठेवा.